प्रियस, पाइक्स पीक आणि आजोबा



आपल्या वर्गाच्या बाईंनी यंदा फर्मान काढलं, की 'सुट्टीत आम्ही काय केलं' हा निबंध फक्त मुलांनी नाही, तर पालकांनीही लिहायचा. मुलांना शनिवारी सकाळी वर्गात सोडून बाहेर थर्मासमधला चहा पीत गप्पा छाटणाऱ्या आम्हा पालकांची चांगलीच खोड मोडली. शुद्धलेखनाचे मार्क कापायचे नाहीत, या अटीवर मी तयार झालो. शेवटचा मराठी निबंध मी दहावीत लिहिला. विषय होता 'विज्ञान : शाप की वरदान'. आजचा विषयही त्याच्या आसपासच आहे.

जून महिन्यात आम्ही कोलोरॅडोला गेलो. आम्ही म्हणजे आम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी, सात वर्षांचा मुलगा आणि चिपळूणहून आलेले माझे वडील, अण्णा. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच इकडे आले होते, आणि एकटे आले होते. सहा महिने राहायचं ठरवून एप्रिलमध्ये आले आणि महिन्याभरातच भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघायला लागले. "तिकीट अलीकडचं करून मिळतं का रे?" हा प्रश्न दोनदा विचारून झाला होता.

त्यांचंही बरोबर होतं. ३५ वर्षं एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून काढलेला माणूस. हातात पाना नसला की त्यांना चैन पडत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी आमचा गळका नळ दुरुस्त केला. दुसऱ्या आठवड्यात गॅरेजच्या दाराची कुरकुर थांबवली. तिसऱ्या आठवड्यात घरात बिघडलेलं काही उरलं नाही. आम्ही दोघं दिवसभर कॉम्प्युटरसमोर, मुलं आपापल्या उद्योगात. वर्कशॉपमधल्या आवाजानं त्यांचा उजवा कान मंदावलेला आहे, त्यामुळे मुलांचं भरभर बोलणं त्यांना कळत नाही. मुलांना त्यांचं चिपळूणचं मराठी कळत नाही. मे महिन्यात आपल्या वर्गात 'माझे आजोबा' हा निबंध दिला होता. माझ्या मुलीनं तीन वाक्यं लिहिली होती : 'माझे आजोबा चिपळूणला राहतात. ते उंच आहेत. त्यांना चहा आवडतो.' खाली बाईंची लाल शाई : 'अजून लिही.' काय लिहिणार? तिला त्यांच्याबद्दल तेवढंच माहीत होतं.

असो. डेन्व्हरच्या विमानतळावर उतरलो. भाड्याची गाडी मी चांगली मोठी सांगून ठेवली होती. काउंटरवरच्या मुलीनं हसतमुखानं सांगितलं की ती गाडी नाही, पण एक टोयोटा प्रियस आहे, हायब्रिड आहे, आणि पेट्रोल कमी लागेल. पाच माणसं, चार बॅगा आणि बायकोनं घेतलेली लाडू-चिवड्याची पिशवी. ती पिशवी शेवटी मुलाच्या मांडीवर गेली. अण्णा माझ्या शेजारी पुढे बसले.

आता खरी गंमत सुरू झाली. किल्ली नाही, नुसतं बटण. ब्रेकवर पाय ठेवून दाबलं. समोरच्या पडद्यावर दिवाळी झाली, पण इंजिनाचा आवाज नाही. लागली नसेल म्हणून पुन्हा दाबलं. दिवाळी विझली. तिसऱ्यांदा दाबलं. पुन्हा दिवाळी, पुन्हा शांतता. मागून सौ. म्हणाली, "इंजिनिअर आहात ना?" (हे वाक्य आमच्या घरात वर्षातून सरासरी बारा वेळा येतं.) अण्णांनी काहीच न बोलता डॅशबोर्डवर तळहात टेकवला, जसा डॉक्टर छातीवर ठेवतो तसा, आणि म्हणाले, "बंद आहे ही."

पडद्याच्या एका कोपऱ्यात 'रेडी' असा हिरवा शब्द होता, तो मुलानं शोधून काढला. म्हणजे गाडी 'चालू' होती, फक्त इंजिन चालू नव्हतं! मी हळूच ब्रेकवरून पाय काढला आणि गाडी भुतानं ढकलल्यासारखी सरकायला लागली. बाहेरून एक बारीकसा गुंजारव येत होता. मुलगा ओरडला, "बाबा, स्पेसशिप!" तो आवाज मुद्दाम केलेला असतो. अशा गाड्या हळू जाताना इतक्या शांत असतात की पायी चालणाऱ्यांना, विशेषतः अंध माणसांना, त्या आल्याचं कळत नाही. म्हणून अमेरिकेत त्यासाठी २०१० साली कायदा संमत झाला, आणि आता नव्या हायब्रिड गाड्यांना कमी वेगात असा आवाज करावाच लागतो. आयुष्यभर गाड्यांचे आवाज बंद करत आलेल्या अण्णांना हे सांगितलं, तेव्हा ते कोलोरॅडोत पहिल्यांदा हसले.

बालमित्रांनो, हायब्रिड म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. आपल्याकडे संकरित ज्वारी असते ना, तशी ही संकरित गाडी. हिच्यात पेट्रोलचं इंजिनही आहे आणि विजेच्या मोटारीही आहेत. ही कल्पना काही नवी नाही. फर्डिनांड पोर्श यांनी १९०० च्या सुमारासच पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी गाडी बांधली होती. पण हजारोंनी बनवून विकली गेलेली पहिली हायब्रिड म्हणजे ही प्रियस. डिसेंबर १९९७ मध्ये ती जपानात आली आणि २००० साली अमेरिकेत. आता तर कॅम्रीसारखी घराघरातली गाडीही २०२५ च्या मॉडेलपासून इथे फक्त हायब्रिडच मिळते. हिला भिंतीच्या प्लगला लावावं लागत नाही. आपली वीज ती आपणच तयार करते. कशी, ते अण्णांनीच माझ्या मुलीला समजावलं.

कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या हॉटेलवर पोचलो. संध्याकाळी अण्णा म्हणाले, "बॉनेट उघड." मी उघडलं. हात मागे बांधून ते बराच वेळ आत बघत राहिले. मी बजावून ठेवलं होतं की नारिंगी केबलला हात लावायचा नाही, तिच्यात शेकडो व्होल्ट असतात. थोड्या वेळानं त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली.

"सेल्फ कुठाय?"

"नाही."

"डायनामो?"

"नाही."

"फॅनबेल्ट?"

"तोही नाही. क्लचही नाही, अण्णा."

"मग आहे काय हिच्यात?" ते म्हणाले, पण डोळे चमकले होते. एप्रिलपासून मी ते बघितले नव्हते.

मुलगी शेजारी येऊन उभी राहिली. "आजोबा, डायनामो म्हणजे काय?" अण्णांनी तिला सायकलची गोष्ट सांगितली. लहानपणी त्यांच्या सायकलच्या पुढच्या चाकाला बाटलीएवढा डायनामो होता. रात्री तो चाकाला टेकवला की दिवा लागायचा. पण टेकवल्याबरोबर पायडल जड व्हायचं. "दिवा फुकट नाय लागत," अण्णा म्हणाले, "तुझ्या पायातनं ताकद घेतो तो." ती म्हणाली, "म्हणजे तो ब्रेकसारखा पण आहे?" अण्णा तिच्याकडे बघत राहिले आणि मग मला म्हणाले, "पोरगी हुशार आहे रे."

तिनं नेमकं बोट ठेवलं होतं. साधा ब्रेक चाकाला घासतो आणि गाडीच्या गतीची नुसती उष्णता होऊन ती हवेत जाते. हायब्रिड गाडीत ब्रेक दाबला की आधी मोटारच डायनामोचं काम करते. चाकं तिला फिरवतात, ती वीज तयार करून बॅटरीत भरते आणि त्या कामातच गाडी हळू होते. घासणारे ब्रेक असतातच, पण ते जास्त जोर लागला तर मदतीला येतात. मग पुढच्या सिग्नलला निघताना तीच वीज वापरायची. आजीनं डाळीचं वरचं पाणी आमटीला ठेवावं, तसला हा हिशेब आहे. इंजिन आणि मोटारी यांची जोडणी ज्या दातेरी चाकांनी केलेली असते त्यांची रचना सूर्यमालेसारखी असते. मधे सूर्य, भोवती ग्रह आणि बाहेर एक मोठं कडं. माझी पदवी मेकॅनिकलची आहे, हे मला कॉलेजात शिकवलेलं होतं. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये आलो त्यालाही वीस वर्षं होऊन गेली. ग्रीसचा वास विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी पाइक्स पीकला निघालो. हा डोंगर १४,११५ फूट, म्हणजे सुमारे ४,३०० मीटर उंच आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे जवळजवळ अडीच कळसूबाई एकावर एक. पण इथे माथ्यापर्यंत गाडी जाते. १९ मैलांचा घाट आहे, आणि २०११ पासून तो पूर्ण डांबरी झाला आहे. अण्णांच्या डॉक्टरांना आधी विचारून घेतलं होतं. त्यांनी सांगितलं होतं, वर जा, पण फार वेळ थांबू नका. वर हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. माणसाला तशीच इंजिनालाही तिथे धाप लागते.

चढताना इंजिन सतत बोलत होतं. अण्णांचा हात पुन्हा डॅशबोर्डवर. वळणावर कठडे नाहीत, खाली दरी. सौ.नं डोळे मिटून घेतले होते. अण्णा मात्र खिडकीतून बघत म्हणाले, "कुंभार्लीची आठवण येते." कुंभार्ली म्हणजे चिपळूण आणि कराडच्या मधला घाट. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असताना चार वर्षं मी तो एसटीनं चढलो-उतरलो आहे. तेव्हा मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर झोपा काढत असे.

माथ्यावर वीस मिनिटं थांबलो. तिथले डोनट प्रसिद्ध आहेत, ते खाल्ले. अण्णांनी अर्धाच खाल्ला आणि "चल आता" म्हणाले. उतरायला लागलो.

आता माझी चूक सांगतो. हल्ली मला पडद्यावर काही दिसलं की त्याच्याकडे बघत राहायची सवय आहे. उतारावर ब्रेक दाबला की बॅटरीचं चित्र भरत जायचं. मी मुलांना म्हणालो, "बघा, फुकट वीज! घाट उतरून झाला की आपण डेन्व्हरपर्यंत विजेवरच जाऊ." तीन-चार मैलांतच ते चित्र काठोकाठ भरलं. आणि मग, ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, इंजिन एकदम मोठ्यानं गरजायला लागलं. ब्रेकचा पायाखालचा अंदाजही बदलल्यासारखा वाटला. मला वाटलं, बिघडली! कपाळावर घाम आला. मी ब्रेक आणखी जोरात दाबून धरला. मागे मुलं गप्प झाली.

"पाय काढ. सारखा दाबून ठेवू नको," अण्णा म्हणाले. "बिघडली नाय ती. इंजिन ओढून धरतंय गाडीला. गिअर टाक."

"अण्णा, हिला गिअर नसतात!"

"मग ते खाली 'बी' लिहिलंय ते कशाला?"

मी कालपासून ती दांडी हाताळत होतो आणि 'डी'च्या पलीकडचं ते अक्षर वाचलंच नव्हतं. अण्णांनी ते पहिल्या दिवशीच बघून ठेवलं होतं. 'बी'मध्ये टाकलं. इंजिनाचा आवाज आणखी वाढला, पण गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी शांतपणे उतरायला लागली. ब्रेक अधूनमधून टेकवला की पुरे. या वेळी इंजिन पेट्रोल जाळत नसतं. नुसतं फिरत राहून, हवा दाबत राहून गाडीला आवरत असतं. म्हणजे पूर्वी आपण खालच्या गिअरमध्ये टाकून जे करायचो तेच.

अण्णांनी मग मागे वळून मुलीला सांगितलं, "हे बघ, आगारात आम्ही ड्रायव्हरला एकच सांगायचो. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर." आणि त्यांनी एका मालट्रकची गोष्ट सांगितली. डिझेल वाचवायला ड्रायव्हर घाटात न्यूट्रलमध्ये उतरत होता. सारखा ब्रेक दाबून लायनर तापले, हवा उतरली आणि ब्रेक लागेचना. नशिबानं गाडी दरडीला घासून थांबली. रात्री अण्णा ब्रेकडाउन व्हॅन घेऊन गेले, तर तो ड्रायव्हर रस्त्याच्या कडेला बसून होता आणि दोन्ही हातांनी अजून न दिसणारं स्टिअरिंग धरलेलं होतं. अण्णांनी त्याला आधी चहा पाजला, मग गाडीकडे गेले. ही गोष्ट मी स्वतःही पहिल्यांदाच ऐकत होतो.

अर्ध्या घाटात ग्लेन कोव्ह नावाची जागा आहे. तिथे उतरणारी गाडी थांबवतात आणि रेंजर छोट्या पिस्तुलासारख्या थर्मामीटरनं ब्रेकचं तापमान बघतो. ब्रेक फार तापले असतील तर गाडी बाजूला घेऊन गार होईपर्यंत थांबावं लागतं. आमच्या पुढच्या एका भल्या मोठ्या गाडीला त्यानं बाजूला घेतलं. अण्णांनी काच खाली केली, हवा हुंगली आणि म्हणाले, "लायनर भाजलेत." रेंजर आमच्याकडे आला, चाकाशी वाकला, आकडा बघितला आणि जा म्हणाला. मी अण्णांकडे बघितलं. ते दरीकडे बघत होते.

रात्री हॉटेलच्या कागदावर मुलीनं आणि मी गणित मांडलं. तुम्हीही करून बघा. गाडी आणि आम्ही मिळून साधारण १,८०० किलो. उतरलो सुमारे २,००० मीटर. वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची, म्हणजे साडेतीन कोटी ज्यूलपेक्षा थोडं जास्त. विजेच्या बिलातल्या एका युनिटात ३६ लाख ज्यूल असतात. म्हणजे तो डोंगर उतरताना आमच्याकडे जवळजवळ १० युनिट जमा होणार होते. आणि प्रियसची बॅटरी केवढी? जेमतेम एका युनिटाच्या आसपास! तीही आधीच अर्धी भरलेली. विहीरभर पाणी आणि हातात तांब्या. उरलेलं सगळं इंजिनानं आणि ब्रेकनं उष्णता करून डोंगरावर सोडून दिलं. म्हणजे गाडी कितीही नवी असो, उतार तोच आणि नियमही तोच. हे गणित मला बसायच्या आधी करता आलं असतं. केलं नाही. अण्णांना गणित न करताच माहीत होतं.

तिथे एक जुनी गोष्ट आठवली, ती इथे लिहूनच टाकतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सुट्टीत घरी आलो होतो. अण्णा मला गिअरबॉक्सबद्दल काहीतरी सांगत होते. मी म्हणालो, "अण्णा, तुमचं ते सगळं अनुभवाचं. आम्हाला थिअरी असते." ते काही बोलले नाहीत. पण त्यानंतर त्यांनी मला गाड्यांबद्दल आपणहून कधी काही सांगितलं नाही. परवा, त्या घाटात, २५ वर्षांनी पहिल्यांदा सांगितलं. मी मनातल्या मनात तारखांचा हिशेब केला तेव्हा मला हे लक्षात आलं. त्या रात्री मी त्यांना म्हणालो, "अण्णा, मी तेव्हा मूर्खासारखं बोललो होतो." त्यांनी 'कधी?' असं विचारलं नाही. "कान मंद आहे माझा," म्हणाले आणि दिवा मालवला. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो होतो. डावा कान चांगला आहे.

गाडी परत करताना हिशेब केला. एकूण ६०२ मैल, पेट्रोल १२.३ गॅलन. म्हणजे गॅलनला ४९ मैल, लिटरला जवळजवळ २१ किलोमीटर, तेही पाच माणसं आणि अडीच कळसूबाई धरून. अण्णा म्हणाले, "आमची लाल गाडी साडेचार द्यायची. पण पन्नास माणसं न्यायची." त्या हिशेबावर मला काही बोलता आलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा.

एकंदर मत विचाराल, तर गाडी चांगली आहे. शांत आहे, पेट्रोल कमी पिते, फक्त बॅगा बेतानं घ्या आणि डोंगरात जाणार असाल तर आधी ती दांडी नीट वाचा.

'माझे आजोबा' हा निबंध माझ्या मुलीनं पुन्हा लिहिला आहे. आता तो दीड पान झाला आहे. बाईंनी त्यात 'लायनर' आणि 'न्यूट्रल' या शब्दांखाली पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं काढली आहेत. बाई, ते शब्द बरोबर आहेत. चिपळूण आगाराचे आहेत.

तिकिटाचं म्हणाल, तर अण्णांनी तिसऱ्यांदा विचारलेलं नाही. अजून तरी नाही. डॅलसच्या विमानतळावरून घरी येताना आमच्या स्वतःच्या गाडीत बसले, डॅशबोर्डवर हात टेकवला आणि दोन मैल गेल्यावर म्हणाले, "पुढच्या डाव्या चाकातनं आवाज येतोय. तुला ऐकू येत नाय का रे?"

शनिवारी पाने-पकडी घेऊन बसणार आहोत. मुलीला वर्गात सोडायला म्हणून थोडा उशीर होईल. बाईंनी राग मानू नये.